गोदाकाठचे पटांगण
नाशिकच्या सामायिक जागेचा इतिहास

देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे गाभारा, सभामंडप, शिखर आणि कळस यांची वाखाणणी होते, आणि ते योग्यच आहे. ज्यांनी यथाशक्ती वर्गणी दिली, ज्यांनी श्रमदान केले, त्यांची नावे आदराने घेतली जातात. परंतु देवळाच्या पुढ्यात जी मोकळी जागा असते, जिच्यावर पालखी टेकते, कीर्तन रंगते, यात्रेची दुकाने लागतात आणि एरवी पोरेसोरे खेळतात, तिचा उल्लेख क्वचितच होतो. ती जागा कोणी बांधलेली नसते, म्हणून तिला देणगीदार नसतो. ती कोणाच्या एकट्याच्या नावावर नसते, म्हणून तिची काळजी घेणाराही पुष्कळदा नसतो. तथापि गावाचे गावपण टिकते ते बव्हंशी अशाच जागेवर.

नाशिक जिल्ह्यातील माणसाला अशा जागेचे सर्वांत थोर उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. रामकुंडापासून गोदावरीच्या दोन्ही तीरांवर पसरलेली पटांगणे हेच ते उदाहरण होय. जिल्ह्यातील बहुतेक प्रत्येक घरातील कोणी ना कोणी बाजाराला, पर्वणीला किंवा आप्ताच्या अस्थी घेऊन तेथे गेलेलेच असते. या पटांगणांचा इतिहास देवळाच्या जीर्णोद्धाराच्या प्रसंगी आठवणे अनेक दृष्टींनी उपयुक्त आहे.

नदीचे पात्र हेच गावाचे अंगण

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्र्यंबकेश्वराहून नाशिकला येते. तिच्या उजव्या तीरावर जुने नाशिक आणि डाव्या तीरावर पंचवटी अशी गावाची मांडणी आहे. आज महानगरपालिकेचे मोठे शहर असले तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाशिक हे वीस-पंचवीस हजार वस्तीचे लहानसे गाव होते. १८६४ मध्ये येथे नगरपालिका आली आणि १८६९ मध्ये नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला. जुने गाव टेकाडांवर दाटीवाटीने वसलेले होते. गल्ल्या अरुंद आणि वाडे एकमेकांस खेटून. अशा गावाला मोकळी जागा म्हणजे नदीचे पात्र आणि त्यालगतचा काठ एवढीच. पावसाळा सरला की पाणी आटून खडक आणि वाळू उघडी पडे, आणि पुढचे सात-आठ महिने सारे गाव तेथे येऊन वावरत असे.

त्या काळी नदीवर मोठा पूल नव्हता. पंचवटीतून गावात यायचे तर पात्रातूनच यावे लागे. पात्रात बांधलेल्या सांडव्यावरून लोक ये-जा करीत. सांडव्यावरची देवी हे नाव आजही त्या वाटेची आठवण देते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिक्टोरिया पूल झाला. त्यालाच आता अहिल्यादेवी होळकर पूल म्हणतात. पूल झाल्याने रहदारी वर गेली, तरी खालचे पटांगण ओस पडले नाही.

पटांगणांची नावे पाहिली तरी कोणत्या देवाची, कोणत्या व्यवसायाची आणि कोणत्या माणसाची आठवण गावाने जपली हे कळते. रोकडोबा पटांगण, म्हसोबा पटांगण, गौरी पटांगण, भाजी पटांगण आणि यशवंतराव महाराज पटांगण. यांतील एकही नाव जमिनीच्या मालकाचे नाही.

दान देणारे आणि हक्क न राखणारे

गोदाकाठ आज जसा दिसतो तो अनेक पिढ्यांच्या दातृत्वाने घडला. रामकुंड इ. स. १६९६ मध्ये चित्रराव खटारकर यांनी बांधले. त्याची लांबी सुमारे २७ मीटर आणि रुंदी १२ मीटर आहे. पुढे पेशवाईत नाशिकचे वैभव वाढले. १७४७ मध्ये नारोशंकर राजेबहाद्दर यांनी पंचवटीच्या बाजूस श्रीरामेश्वराचे देऊळ उभारले, तेच नारोशंकराचे देऊळ होय. वसईच्या विजयाची साक्ष देणारी त्याची प्रचंड घंटा प्रसिद्धच आहे. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुंदरनारायणाचे मंदिर बांधले. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी काळ्या पाषाणाचे काळाराम मंदिर उभे केले. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे नावही येथील कुंडाशी जोडलेले आहे.

या दात्यांनी पायऱ्या बांधल्या, कुंडे बांधली, धर्मशाळा बांधल्या, परंतु त्या पायऱ्यांवर कोणी बसावे आणि कोणी बसू नये असा आपला हक्क ठेवला नाही. घाट एकदा बांधून झाला की तो लोकांचा झाला. सरदाराने बांधलेल्या पायरीवर धोबी आणि कासार, यात्रेकरू आणि भिक्षेकरी असे सारे येऊ लागले. दान दिलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही, हा धर्मशास्त्राचा साधा नियम गोदाकाठी प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. अर्थात ‘लोकांचा’ या शब्दात त्या काळी सर्व लोक मोडत नव्हते, ही गोष्ट पुढे येईलच.

यशवंतराव महाराज पटांगणाचे नाव ज्यांच्यावरून पडले ते यशवंत महादेव भोसेकर हे सरकारी मामलेदार होते. बागलाणात सटाणे येथे मामलेदार असताना १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातील रक्कम भुकेल्या रयतेला वाटून टाकली. चौकशीस अधिकारी आले तेव्हा खजिना पुरा भरला, अशी श्रद्धावंतांची कथा आहे. कथा बाजूस ठेवली तरी सार्वजनिक पैसा हा संकटकाळी सर्वांसाठी असतो, असे मानणारा तो अधिकारी होता, आणि त्यासाठीच लोकांनी त्यांना देवमामलेदार म्हटले. १८८७ मध्ये नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. गोदाकाठी त्यांचे मंदिर आहे आणि पुढच्या पटांगणाला त्यांचे नाव आहे.

गोदाकाठी संत गाडगे महाराजांची धर्मशाळाही आहे. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा शिरस्ता. सार्वजनिक जागा झाडणे ही देवपूजाच आहे असे त्यांनी महाराष्ट्राला कृतीने शिकवले.

बाजार, पर्वणी आणि व्याख्यान

दर बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो. आसपासच्या खेड्यांतील लोक भाजीपाला, धान्य, कडधान्ये, टोपल्या, सुपे, दोरखंड, मडकी, विळे-खुरपी, सुकी मासळी असे नाना जिन्नस मांडून बसतात. पक्के दुकान घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाला गोणपाटाएवढी जागा मिळाली की त्याचा दिवसाचा धंदा होतो. लहान शेतकऱ्याला आणि आदिवासी बाईला थेट गिऱ्हाईक मिळते ते अशाच ठिकाणी. सार्वजनिक जागा ही गरिबाची मिळकत असते, असे म्हटले तर वावगे होणार नाही. ज्याच्याकडे वाडा आहे त्याला अंगण असतेच. ज्याच्याकडे नाही, त्याचे अंगण म्हणजे गावचे पटांगण.

दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. वैष्णवांचे तीन आखाडे नाशिकला रामकुंडात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही पंथांत स्नानाच्या मानावरून रक्तपात झाला आणि त्यानंतर ही वाटणी रूढ झाली, असे सांगतात. जागा एक आणि मान अनेकांचे, असे झाले म्हणजे काय घडते आणि त्यातून समजुतीने मार्ग कसा निघतो, या दोहोंचा हा धडा आहे. चैत्रात रामनवमीनंतर कामदा एकादशीला श्रीरामाचा आणि गरुडाचा असे दोन रथ निघतात. रामरथ नदी ओलांडत नाही, तो पंचवटीच्या काठीच थांबतो. गरुडरथ मात्र जुन्या नाशकात फिरून येतो. दोन्ही तीरांवरचे लोक या दिवशी घाटावर एकत्र येतात.

याच पटांगणावर ज्ञानाचीही पेठ मांडली गेली. १९२२ साली नाशिकची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. मे महिन्यातील संध्याकाळी यशवंतराव महाराज पटांगणावर व्याख्यान व्हावे आणि श्रोत्यांनी उघड्यावर बसून ते ऐकावे, अशी ही प्रथा. तिने शंभरी पार केली आहे. व्याख्यानाला तिकीट नसे, मानपान नसे. भाजी घेऊन परतणारा माणूसही पिशवी बाजूस ठेवून घटकाभर ऐकू शके. बंदिस्त सभागृहात जे लोक कधी पाऊल टाकत नाहीत, त्यांच्यापर्यंत विचार पोचला तो जागा मोकळी होती म्हणून.

बंद दरवाजे आणि मोकळा घाट

गोदाकाठच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दिवस कोणता, असे विचारले तर २ मार्च १९३० हा सांगावा लागेल. हा इतिहास काहींना अवघड वाटेल, पण देवळाच्या स्मरणिकेत तो सांगितलाच पाहिजे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला होता. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय. ठराव कागदावर राहिला. तो अमलात आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तीन वर्षांनी नाशिकची पाळी आली.

नाशिकच्या सत्याग्रह समितीचे काम भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी पाहिले. ते दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावचे. २ मार्च रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि दुपारी काळाराम मंदिराकडे मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार माणसे आणि मैलभर लांबीची रांग. शिस्त अशी की पाहणारे थक्क झाले. मिरवणूक मंदिराच्या पूर्व दरवाजाशी आली तेव्हा सारे दरवाजे बंद होते. मग ती मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली आणि तेथेच तिचे सभेत रूपांतर झाले.

देवळाने ज्यांना दार लावले, त्यांना त्या दिवशी गोदामाईच्या काठाने बसायला जागा दिली. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ते मंदिराच्या चारही दरवाजांपुढे बसले. ९ एप्रिलला रथाच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढावा असे ठरले होते. तो शब्द पाळला गेला नाही, रथ पुढे पळविण्यात आला आणि दगडफेक झाली. पुढे अस्पृश्य वर्गाला रस्ते बंद झाले, त्यांच्या मुलांच्या शाळा बंद पडल्या, बाजारात जिन्नस मिळेनासे झाले. म्हणजे एक देऊळ बंद ठेवण्यासाठी वाट आणि बाजारही बंद करण्यात आले. सार्वजनिक जागेवरचा हक्क एका ठिकाणी नाकारला की तो तेथेच थांबत नाही, याचा हा दाखला होय.

सत्याग्रह सुमारे पाच वर्षे चालला, पण दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्यांना आत यायचे होते त्यांना बाहेर ठेवल्याची किंमत साऱ्या समाजाने मोजली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या तळ्याचा निकाल अस्पृश्य वर्गाच्या बाजूने दिला. १९४७ मध्ये मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. राज्याच्या पैशाने राखलेल्या किंवा जनतेसाठी अर्पण केलेल्या अशा जागांच्या वापरास जात, धर्म, लिंग या कारणांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. स्नानघाट हा शब्द देशाच्या घटनेत आला, त्यामागे जे लढे आहेत त्यांत नाशिकच्या सत्याग्रहाचे स्थान मोठे आहे.

काळाराम मंदिर आज सर्वांस खुले आहे आणि पूर्व दरवाजाशी त्या सत्याग्रहाचे स्मरण जपलेले आहे. जी चूक झाली ती लपविण्यापेक्षा दाराशी लिहून ठेवण्यात त्या देवस्थानाचा मोठेपणाच दिसतो.

पुराची शिकवण

गोदाकाठी दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पुराचे पाणी मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर लोकांच्या चांगले लक्षात आहेत. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषा आखण्याचा विषय ऐरणीवर आला.

पटांगणाचे एक काम सहसा ध्यानात येत नाही. पावसाळ्यात ते नदीचे असते. फुगलेल्या पाण्याला पसरायला जागा मिळाली की ते घरात शिरत नाही. म्हणूनच जुन्या लोकांनी काठावर देवळे बांधली ती दगडाची, आणि मधली जागा मोकळी ठेवली. वाटेत भिंती आल्या की पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारापर्यंत जाते.

२००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास पात्र आणि कुंडांच्या तळाशी काँक्रीट घालण्यात आले. हेतू सोयीचा होता, परंतु कुंडांतील जिवंत झरे त्याखाली दडले. पुढे नागरिक न्यायालयात गेले आणि काही ठिकाणचे काँक्रीट काढण्याचे काम हाती घेण्यात आले. त्याच सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. मोकळी जागा आणि रुंद वाट ही शोभेची गोष्ट नसून जिवाची गोष्ट आहे, हे त्या दिवशी कळले. २०१५ च्या सिंहस्थासाठी घाटांची लांबी वाढविण्यात आली ती यामुळेच. २०२५ च्या अखेरीस पुढील सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रश्न आला, तेव्हा नाशिकचे अनेक नागरिक झाडांच्या बाजूने उभे राहिले. सामायिक जागेबद्दलची आस्था जिवंत आहे, याचेच ते लक्षण होय.

गावोगावच्या जागा

नाशिकला जे पटांगण, तेच खेड्यात गायरान, गावठाण, खळवाडी, पाणवठा आणि देवळापुढचा चौक. जुन्या काळी पांढरी आणि काळी असे गावाचे दोन भाग मानीत. पांढरीत वस्ती आणि काळीत शेती. या दोहोंमध्ये गुरांना चरायला आणि बैलगाड्या सोडायला गावाची म्हणून जमीन राखलेली असे. इंग्रजी अमदानीत १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने अशा जमिनी राखून ठेवण्याची तरतूद केली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही गुरचरण, स्मशानभूमी, खळे अशा कामांसाठी जमीन राखण्याची व्यवस्था आहे.

मात्र हा प्रश्न एका बाजूने पाहण्यासारखा नाही. गायरानावर कोणाचा हक्क, हे विचारताना भूमिहीनाचा विचार करावाच लागतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तो पडीक जमिनी कसणाऱ्यांना मिळाव्यात म्हणून. काळारामाच्या दारात बसलेला हाच कार्यकर्ता पुढे जमिनीसाठी तुरुंगात गेला. पोटासाठी चार गुंठे कसणारा गरीब आणि ऐपत असूनही गावची जागा कुंपणात घेणारा धनवान, हे दोघे सारखे नव्हेत. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा निर्णय दिला, त्यातही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमाती यांना नियमाने दिलेल्या जमिनींचा अपवाद केला आहे.

अतिक्रमण नेहमी वाईट हेतूनेच होते असेही नाही. कधी देवाच्या नावाने ओटा वाढतो, कधी मंडपाचा खांब कायमचा रोवला जातो, कधी देणगीदाराच्या नावाची कमान वाटेवर येते. दर वर्षी हातभर जागा जाते आणि वीस वर्षांनी पालखी फिरवायला जागा उरत नाही. तेव्हा मात्र दोष कोणाला द्यावा हे कळत नाही.

जीर्णोद्धाराच्या पुण्यकार्यात हात लावणाऱ्या ग्रामस्थांनी आणि देणगीदारांनी गोदाकाठच्या इतिहासातून तीन गोष्टी घ्याव्यात. देवळापुढची जागा मोजून ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवावी आणि ती मोकळी ठेवावी. ती झाडून स्वच्छ राखण्याचे काम पाळीपाळीने सर्व आळ्यांनी करावे, त्यात लहानथोर पाहू नये. आणि त्या जागेवर येणाऱ्या कोणालाही, तो कोणत्या घरचा हे न विचारता, बसू द्यावे.

गाभाऱ्याला मर्यादा असतात, कारण तो चार भिंतींचा असतो. पटांगणाला त्या नसाव्यात. चित्रराव खटारकरांनी बांधलेल्या कुंडात तीनशेहून अधिक वर्षे माणसे उतरत आली आहेत, आणि आता तेथे कोणाची जात विचारण्याचा अधिकार कोणालाही उरलेला नाही. जीर्णोद्धार झालेल्या मंदिराच्या पुढचे अंगणही असेच सर्वांचे राहो आणि पुढच्या पिढ्यांना ते मोकळे मिळो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.